संच बंद करण्याआधी माणसे मोजा : मुख्यमंत्र्यांना चंद्रपूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोळशावर उपजीविका असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यासाठी ऊर्जा-संक्रमणाचा (कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचा) लेखी व निधीसह आराखडा तयार करण्याबाबत.

महोदय,

22 सप्टेंबर 2025 पासून कोळशावरचा टनामागे 400 रुपयांचा भरपाई उपकर रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवरून 18 टक्के करण्यात आला. ही बातमी बहुतेकांनी वीज स्वस्त होणार की महाग, एवढ्याच अंगाने वाचली. मी ती दुर्गापूरला, आईच्या खानावळीच्या ओट्यावर बसून वाचली आणि मला 2010 साल आठवले. त्या वर्षी केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, तेव्हा या पैशातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहील असे सांगण्यात आले होते. तो उपकर 2014 मध्ये 100 रुपये, 2015 मध्ये 200 रुपये आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा पैसा राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करण्याकडे वळला. आता तो उपकरच उरला नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, म्हणजे आमच्या वेकोलिने, 2023-24 या एका वर्षात विदर्भातील आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील खाणींतून सुमारे 6.9 कोटी टन कोळसा काढला. टनामागे 400 रुपये धरले, तर एका वर्षाचे 2,700 कोटींहून अधिक होतात. मी वाणिज्य शिकवते, त्यामुळे हा गुणाकार वर्गातल्या फळ्यावरही करून दाखवला. एका मुलाने विचारले, “मॅडम, यातले चंद्रपूरचे किती?” त्याला देण्याजोगे उत्तर माझ्याकडे नव्हते. ज्या जिल्ह्यांनी हा कोळसा दिला, त्यांच्या कोळशानंतरच्या दिवसांसाठी या उपकरातला वाटा बाजूला काढून ठेवण्याचा निर्णय या पंधरा वर्षांत झाला नाही. उपकर रद्द करणाऱ्या वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राचाही प्रतिनिधी बसतो, म्हणून हे पत्र मी दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

माझे वडील भूमिगत खाणीत लोडर होते. आई 1989 पासून खानावळ चालवते आणि खाण, रेल्वे सायडिंग व वीज केंद्र इथल्या कामगारांना डबे पुरवते. माझा धाकटा भाऊ एका वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात ठेकेदाराकडे कामाला होता. तिथला एक जुना वीजनिर्मिती संच बंद झाला तेव्हा कायम कर्मचाऱ्यांची बदली दुसऱ्या संचांवर झाली. भावाच्या बाबतीत एवढेच घडले, की महिनाअखेरीस त्याच्या गेटपासाचे नूतनीकरण झाले नाही. कामावरून कमी केल्याचे पत्र नाही, हिशेबाचा कागद नाही. बारा वर्षांच्या कामाचा त्याच्याकडे उरलेला एकमेव पुरावा म्हणजे मुदत संपलेला तो प्लास्टिकचा पास. आई आजही तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवते, उद्या कुणी विचारले तर दाखवता यावा म्हणून. अद्याप कुणी विचारलेले नाही.

आईची डब्यांची वहीही मी आपल्याला दाखवू इच्छिते. तिच्यात कामगारांची नावे फार थोडी आहेत. बहुतेक नोंदी ठेकेदारांच्या नावे आहेत : अमक्याचे सहा डबे, तमक्याचे अकरा. माणसे बदलत राहतात, ठेकेदाराचे नाव तेवढे राहते. संध्याकाळी डबे परत येतात तेव्हा झाकणांवर काळ्या बोटांचे ठसे असतात, आणि आई ते राखेनेच घासून काढते. भावाचा संच बंद झाल्यावर त्या वहीतली तीन ठेकेदारांची पाने कोरी राहिली. त्या पानांमागची माणसे कुठे गेली, हे कुठल्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्याविषयी गैरसमज करून घेणे सोपे आहे. आम्ही स्वच्छ ऊर्जेच्या विरोधात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे आले होते. या शहरात वाढलेल्या माणसाला धूर हवासा वाटण्याचे कारण नाही. वडिलांचा रात्रीचा खोकला ऐकत मी लहानाची मोठी झाले. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले, ते मला मनापासून पटते. प्रश्न इतकाच आहे की या बदलाची किंमत कोण मोजणार आणि ती ठरवताना त्याला विचारले जाणार की नाही. माझ्या जिल्ह्यात सध्या ती किंमत न सांगता, न विचारता आणि कुठेही न नोंदवता वसूल होत आहे.

आता तक्रारी मांडते.

सर्वांत मोठी तक्रार ही, की कोळसा संपण्याच्या कितीतरी आधी कोळशातला रोजगार संपू लागला आहे आणि शासन त्याला संक्रमण मानतच नाही. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर भूमिगत खाणीतली नोकरी म्हणजे कायम वेतन, वसाहतीतले घर, दवाखाना आणि कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी. आज भूमिगत खाणी एकेक करून बंद होत आहेत आणि उत्पादन मुख्यतः खुल्या खाणींतून येते. तिथे मोठी यंत्रे लागतात, माणसे थोडी लागतात, आणि वरची माती काढण्याचे काम बहुतांशी खासगी कंपन्यांना दिलेले असते. त्यामुळे टनांचा आकडा चढता राहिला तरी कायम कामगारांचा आकडा उतरत गेला. ज्यांच्या जिवावर आज खाण चालते ते डंपरचालक, डोझर ऑपरेटर, वॉशरीतले, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यातले मजूर, सायडिंगवर वॅगन भरणारे आणि वीज केंद्रातले कंत्राटी कामगार. कायद्यानुसार त्यांची नोंद ठेकेदाराच्या नोंदवहीत असते, म्हणजेच ती जिल्हाभर शेकडो वह्यांत विखुरलेली असते, आणि ठेकेदार बदलला की तिचा मागही राहत नाही. त्यांच्या पलीकडे टायर-पंक्चरवाले, गॅरेजवाले, चहाच्या टपऱ्या आणि माझ्या आईसारख्या खानावळी. हा सगळा संसार कोळशावर आहे, आणि कोणत्याही आराखड्याच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही.

दुसरी तक्रार जमिनीची आहे, आणि ती माझ्या आजोळची आहे. आमच्याकडे खाणींसाठीची जमीन मुख्यतः 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतली गेली. दोन एकरांमागे एक नोकरी मिळाली. 2012 मध्ये ठरलेला दर पडीक जमिनीला एकरी 6 लाख, कोरडवाहूला 8 लाख आणि ओलिताला 10 लाख असा होता. नोकरी एका मुलाला लागली, तो निवृत्त झाला, त्याच्या मुलांकडे आता नोकरीही नाही आणि सातबाराही नाही. त्या शेतावर मजुरीला जाणाऱ्या भूमिहीनांना तर पहिल्या दिवसापासून काहीच मिळाले नव्हते. कोळसा काढून झाल्यावर ही जमीन मूळ मालकाला परत करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कायद्याखाली संपादित झालेल्या आणि खाणकामाला निरुपयोगी ठरलेल्या जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. त्यानुसार ही जमीन ऊर्जा व इतर प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देता येते, मालकी मात्र कंपनीकडेच राहते. ज्याच्या शेतात खड्डा झाला, त्याच्याच शेतात उद्या सौर पट्ट्या उभ्या राहतील आणि तो कुंपणाबाहेरून त्या पाहील. गावातले वडीलधारे यावर फार बोलत नाहीत, आमचे वावर तिकडे होते, एवढेच सांगून मातीच्या ढिगाऱ्याकडे हात करतात.

तिसरी तक्रार पायाखालची आहे. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खे घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. माणसे वाचली, पण आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवण्याची सक्ती केंद्राने 2009 पासून केली. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींसाठी असा पैसा कुणी ठेवलेलाच नाही. जर्मनीच्या रुहर खोऱ्यात दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली, पण जुन्या खाणींतले पाणी उपसण्याचे काम तिथे कायम चालू ठेवावे लागणार आहे. त्यासाठी 2007 मध्येच एक प्रतिष्ठान स्थापन करून पैशाची सोय केलेली होती. आमच्याकडे खाणींच्या वर गावे वसलेली आहेत, तरी असा विचार सुरूही झालेला नाही.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाबाबतही सांगणे भाग आहे. 2015 च्या कायदा दुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी हा निधी आला आणि त्यातून झालेल्या रस्त्यांबद्दल व शाळाखोल्यांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या निधीची घडणच अशी आहे की तो स्वामित्वधनाच्या (खाणचालक सरकारला देतो त्या रॉयल्टीच्या) प्रमाणात जमा होतो, जुन्या खाणपट्ट्यांच्या बाबतीत 30 टक्के. खाण जोरात चालते तेव्हा निधी भरतो आणि खाण मिटते तेव्हा निधीही आटतो. ज्या वर्षी गावाला त्याची सर्वाधिक गरज असेल, नेमक्या त्याच वर्षी तिजोरी रिकामी असेल. घर चालवणारी कुठलीही बाई चांगल्या दिवसांत थोडे बाजूला टाकते. जिल्ह्यासाठी हा नियम अजून कुणी केलेला नाही.

आणि आजाराची गोष्ट. खाण अधिनियम, 1952 नुसार कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस हा फुप्फुसांचा विकार नोंदवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला गेला होता. पण तो उमटायला वर्षे लागतात आणि तोवर कंत्राटी कामगाराचा ठेकेदार तीनदा बदललेला असतो. माझ्या वडिलांना निदान कंपनीच्या दवाखान्याचे कार्ड होते. भावाला तेही नाही.

शासनाने काहीच केलेले नाही, असे मी म्हणत नाही. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्यभर राबवली जात आहे आणि ती चांगली आहे. पण धुळ्याच्या साक्रीतील 125 मेगावॅटच्या प्रकल्पापासून पुढे महाराष्ट्राची नवी वीज जिथे जिथे उभी राहिली, तिथे कोळसा गमावणाऱ्या तालुक्यांना अग्रक्रम देण्याचा नियम नव्हता. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता आज 2,920 मेगावॅट आहे. राज्याच्या मालकीचे हे सर्वांत मोठे केंद्र आहे. त्याचे 210 मेगावॅटचे पहिले दोन संच निवृत्त झाले आहेत आणि त्याच पिढीतले दोन अजून चालू आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी 2023 मध्ये वीज कंपन्यांना 2030 पर्यंत औष्णिक संच निवृत्त न करण्यास कळवले. काहींना त्यात हायसे वाटले. मला त्यात हाताशी राहिलेली मोजकी वर्षे दिसतात. 2030 नंतर जे व्हायचे आहे त्याची तयारी 2030 मध्ये करून चालणार नाही. परळीचा अनुभव आपल्या राज्याचाच आहे. जुलै 2015 मध्ये पाण्याअभावी तेथील वीज केंद्र बंद पडले, तेव्हा एक गाव एका चिमणीवर किती उभे असते, हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. ते संकट दुष्काळाने अचानक आणले होते. आमचे संकट तारीख सांगून येत आहे.

झारखंड सरकारने 2022 मध्ये शाश्वत न्याय्य संक्रमणासाठी कार्यदल नेमले. ज्या राज्याचे उत्पन्न कोळशावर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून आहे, त्याला हे सुचले. जर्मनीने 2020 मध्ये 2038 पर्यंत कोळसा सोडण्याचा कायदा केला, त्याच वेळी कोळशाच्या प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद कायद्यात लिहून ठेवली. तो देश श्रीमंत आहे हे मला कळते. पण आधी तरतूद आणि मग टाळे, हा क्रम पाळण्यासाठी श्रीमंती लागत नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली आणि बाकी सर्वांच्या आधीची : माणसे मोजा. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या तीन जिल्ह्यांत कोळसा, कोळसा वाहतूक, वॉशरी आणि औष्णिक वीज यांवर जगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची गणना कामगार विभागाने एका वर्षात करावी. त्यात कंत्राटी कामगार, रोजंदार आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले छोटे व्यावसायिक यांचा समावेश असावा. प्रत्येक कंत्राटी कामगाराला त्याच्या सेवेच्या वर्षांचा दाखला मिळावा आणि तो ठेकेदारावर न सोडता मूळ मालक आस्थापनेने द्यावा. हा दाखला हाती असेल तरच पुढची कुठलीही भरपाई, प्रशिक्षण किंवा प्राधान्य त्या माणसापर्यंत पोचेल. माझ्या भावाच्या बाबतीत जे घडले ते निव्वळ एका कागदाअभावी घडले, म्हणून या मागणीवर मी अडून राहते.

दुसरी, कोणताही संच किंवा खाण बंद करण्याआधी किमान तीन वर्षे त्याची जाहीर सूचना द्यावी. त्या सूचनेसोबत कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही कामगारांच्या पर्यायी रोजगाराचा आराखडा ग्रामसभेपुढे व नगर परिषदेपुढे ठेवावा. आराखडा मंजूर होईपर्यंत टाळे लागू नये.

तिसरी, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या वार्षिक जमेतील ठरावीक हिस्सा कोळशानंतरच्या काळासाठी राखीव ठेव म्हणून बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी मराठीतून प्रसिद्ध करावा. कोळशावरील वस्तू व सेवा करातून राज्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतला एक भागही याच ठेवीत जमा व्हावा. उपकर गेला, पण कर 18 टक्के झाला आहे, म्हणजे पैसा आहे.

चौथी, खाणकाम संपलेल्या जमिनीवर सौर किंवा अन्य प्रकल्प उभारताना मूळ जमीनधारकांच्या व भूमिहीन मजुरांच्या सहकारी संस्थांना भाड्यात किंवा उत्पन्नात वाटा मिळावा, यासाठी राज्याने केंद्राशी बोलून धोरणात दुरुस्ती करून घ्यावी. शेतीयोग्य करता येईल ती जमीन शेतीसाठी परत मिळावी. संच कमी होतील तसे इरई धरणातील त्यांच्या वाट्याचे पाणी चंद्रपूर शहराला आणि शेतीला मिळावे, आणि हे आरक्षण आजच लिहून ठेवावे. एकदा ते दुसऱ्या कारखान्याकडे गेले की परत येणार नाही.

सौर प्रकल्प उभारताना माणसे लागतात, उभा राहिल्यावर फार थोडी लागतात, हे आम्हाला कळते. म्हणून केवळ सौर पट्ट्यांच्या भरवशावर आम्हाला सोडू नये. सौर आणि बॅटरीच्या सुट्या भागांची निर्मिती, त्यांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळा आणि जुन्या यंत्रसामग्रीची विल्हेवाट लावणारे उद्योग या जिल्ह्यात यावेत, यासाठी सवलतीचे स्वतंत्र धोरण करावे, त्यात स्थानिक व माजी कोळसा कामगारांच्या भरतीची अट असावी. इथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम त्यानुसार आतापासून बदलावेत. आज बारावीत असलेली माझ्या वर्गातली मुले 2030 मध्ये नोकरीच्या दारात उभी असतील.

उरलेल्या दोन मागण्या थोडक्यात. माजी कंत्राटी कामगारांची दर दोन वर्षांनी छातीची मोफत तपासणी व्हावी आणि निदान झाल्यास उपचार व भरपाईची जबाबदारी मूळ आस्थापनेची असावी. जुन्या भूमिगत खाणींवर वसलेल्या वस्त्यांचे सर्वेक्षण करून नकाशे ग्रामपंचायतींत व नगर परिषदांत लावावेत, म्हणजे आपण कशावर झोपतो हे लोकांना समजेल.

या सर्वांसाठी एक कार्यदल नेमावे. त्यात वेकोलि, महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी आणि जिल्हाधिकारी यांच्यासोबत कंत्राटी कामगार, प्रकल्पग्रस्त शेतकरी आणि महिला यांचे प्रतिनिधी मतदानाच्या अधिकारासह असावेत. त्याचे कार्यालय मुंबईत किंवा नागपुरात न ठेवता चंद्रपुरात असावे.

या पत्राची प्रत मी ऊर्जामंत्री, कामगारमंत्री आणि केंद्रीय कोळसा मंत्रालय यांना पाठवत आहे. कार्यदल नेमण्याबाबत आणि गणनेबाबत शासनाचा निर्णय काय आहे, हे येत्या अधिवेशनापूर्वी लेखी कळवावे, ही विनंती. आपले उत्तर आले की ते मी खानावळीच्या भिंतीवर, डबे ठेवतो त्या फळीच्या वर चिकटवीन. पहाटे पाच वाजता पहिल्या पाळीचे लोक डबे न्यायला येतात, ते आधी ते वाचतील.

आपली विश्वासू,
दुर्गापूर येथील एक शिक्षिका
जिल्हा चंद्रपूर